घरसामानाची वाहतूक आणि वाढीव बिलाचा वाद

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लखनौ शहराच्या पूर्वेला, पूर्वी फैजाबाद रस्ता व आता अयोध्या रस्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गावर चिनहट वसलेले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ३० जून १८५७ च्या लढाईमुळे ठाऊक असते. सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेला येथे माघार घ्यावी लागली आणि त्यानंतर लखनौच्या रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला. हस्तकलेच्या अभ्यासकांना चिनहट तेथील चकचकीत झिलईच्या मातीच्या भांड्यांमुळे परिचित आहे. आजचे चिनहट मात्र प्रामुख्याने औद्योगिक क्षेत्र आणि झपाट्याने वाढलेल्या निवासी वसाहती यांचे मिळून बनले आहे. देवा रस्त्यावर टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा कारखाना १९९२ पासून कार्यरत आहे. कमता, मटियारी, गोमतीनगर या परिसरात देशाच्या निरनिराळ्या भागांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. जेथे मालमोटारी तयार होतात, त्याच रस्त्याने मालमोटारींतून लोकांचे संसार येत-जात असतात.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (घ) व (ङ) अन्वये नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक नोंदली गेली. या आकड्यात विवाहानिमित्त स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असले, तरी नोकरी-व्यवसायासाठी बिऱ्हाड हलवणाऱ्यांची संख्याही लहान नाही. घर बदलण्याचा हक्क संविधानाने दिला. पण तो बजावताना संसाराचे सामान ज्याच्या हाती सोपवावे लागते त्या वाहतूकदाराशी होणारा व्यवहार मात्र बहुतेक वेळा फोनवरील बोलण्यावर आणि एका कागदाच्या तुकड्यावर उभा असतो. वाद निर्माण होतो तो येथेच. या वादाचे स्वरूप, त्याला लागू होणारे कायदे आणि तो सोडवण्याचे मार्ग यांचा विचार या व्याख्यानात करावयाचा आहे.

एक उदाहरण

विषय नेमका ध्यानात यावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. पुण्याजवळच्या चिंचवड येथील एका कुटुंबाची बदली चिनहटला झाली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणवणाऱ्या एका व्यावसायिकाने घरी येऊन सामान पाहिले, दोन्ही ठिकाणचे पत्ते लिहून घेतले आणि बांधणी, चढाई, वाहतूक व उतराई धरून ३२,००० रुपयांचा दर ठरवला. त्यापैकी १०,००० रुपये आगाऊ देण्यात आले. आठ दिवसांनी मालमोटार चिनहटच्या वेशीवर आली, आणि फोन आला तो वेगळाच. एकूण बिल ५१,००० रुपये झाले असून उरलेले ४१,००० रुपये रोख मिळाल्याशिवाय सामान उतरवले जाणार नाही, असे सांगण्यात आले. वाढीव १९,००० रुपयांचा तपशील असा : विमा ६,००० रुपये, ‘राज्य प्रवेश कर’ ४,५०० रुपये, तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवण्याची हमाली ३,००० रुपये आणि मोठी गाडी वसाहतीत शिरत नसल्याने लहान टेम्पोचे भाडे ५,५०० रुपये.

कुटुंबाची स्थिती येथे लक्षात घेण्यासारखी आहे. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, मुलांची पुस्तके, शाळाप्रवेशाची कागदपत्रे सारे त्या गाडीत आहे. नव्या शहरात ओळख नाही. वाटाघाटीत एका बाजूला घाई आहे आणि दुसऱ्या बाजूला ताबा आहे. अशा वेळी मागितलेली रक्कम देऊन मोकळे होणे हाच मार्ग बहुतेकांना दिसतो, आणि पैसे दिल्यावर विषय संपला असे समजले जाते. कायदा मात्र तसे समजत नाही. नेमका हाच या विषयाचा गाभा आहे.

१८७२ चे उत्तर

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम १५ मध्ये बळजबरीची व्याख्या आहे. दंडविधानाने मनाई केलेले कृत्य करणे किंवा त्याची धमकी देणे एवढ्यावरच ती थांबत नाही. एखाद्याने करार करावा या हेतूने त्याची मालमत्ता बेकायदेशीररीत्या अडवून ठेवणे, किंवा अडवून ठेवण्याची धमकी देणे, हीसुद्धा बळजबरी होय, असे हे कलम सांगते. त्याच अधिनियमाचे कलम ७२ त्याच्या पुढचे पाऊल टाकते : चुकीने किंवा बळजबरीमुळे ज्याला पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत.

कलम ७२ खाली कायदाकर्त्यांनी दिलेले दुसरे दृष्टांतवजा उदाहरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. त्यातील रेल्वे कंपनी वाहणावळीचा बेकायदेशीर आकार दिल्याखेरीज माल सोडण्यास नकार देते. माल घेणारा तो आकार भरून माल सोडवून घेतो. आणि जेवढी रक्कम बेकायदेशीररीत्या जास्त घेतली गेली तेवढी परत मिळवण्याचा त्याला हक्क असतो. दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीच्या मालधक्क्यावर जो प्रसंग कल्पिला गेला, तोच आज चिनहटच्या एखाद्या वसाहतीच्या दारात मालमोटारीच्या रूपाने उभा राहतो. पुढे १९१३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ‘कन्हैयालाल विरुद्ध नॅशनल बँक ऑफ इंडिया’ या प्रकरणात असे स्पष्ट केले की, कलम ७२ मधील बळजबरी हा शब्द कलम १५ च्या व्याख्येपुरता मर्यादित नसून तो त्याच्या सर्वसाधारण अर्थाने घ्यावयाचा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. अडलेल्या अवस्थेत जास्त पैसे दिले म्हणजे वाढीव दराला संमती दिली असे होत नाही. सामान सोडवण्यासाठी पैसे देणे आणि नंतर जादा रक्कम परत मागणे यांत विसंगती नाही. मात्र ती रक्कम नाइलाजाने दिली गेली, हे दाखवता आले पाहिजे. म्हणून देतानाच ‘हरकत नोंदवून, हक्क राखून दिले’ असा शेरा पावतीवर लिहिणे, आणि तो लिहू दिला जात नसेल तर त्याच क्षणी संदेशाने किंवा ई-मेलने कळवणे, यावर पुढचा सारा दावा उभा राहतो.

वाहतूकदाराची बाजू

वादाचा निवाडा करणाऱ्याने दोन्ही बाजू पाहाव्यात, हे तत्त्व अभ्यासकानेही पाळावे. प्रत्येक वाढ अन्याय्य नसते. दर ठरल्यानंतर कुटुंबाने कपाट, सायकल, कुंड्या असे सामान वाढवले. नव्या इमारतीतील उद्‌वाहन बंद असल्याचे सांगितले नाही. घराची किल्ली मिळण्यास उशीर झाल्याने गाडी दोन दिवस खोळंबली, तर त्याचा खर्च वाहतूकदाराने सोसावा असे म्हणता येणार नाही. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने त्याची भरपाई द्यावी, असे संविदा अधिनियमाचे कलम ७० सांगते. त्याचप्रमाणे ठरलेले भाडेच न देता सामान मागणाऱ्याची बाजू दुबळी असते. ‘अडवणूक’ हा शब्द ठरल्यापेक्षा जास्त रकमेसाठी सामान रोखण्याला लावावयाचा आहे, ठरलेल्या भाड्याच्या मागणीला नव्हे.

सामान रोखून धरण्याच्या अधिकाराबाबत कलम १७० व १७१ यांतील भेद परीक्षेच्या दृष्टीने उपयुक्त आहे. निक्षेपित वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाच्या मोबदल्यापुरता विशिष्ट धारणाधिकार कलम १७० देते. सर्व प्रकारच्या येण्यासाठी वस्तू ठेवून घेण्याचा सर्वसाधारण धारणाधिकार कलम १७१ मध्ये आहे. पण तो बँकर, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमापत्र-दलाल यांनाच आहे. वाहतूकदार या यादीत नाही. इतरांना तो हवा असेल तर तसा स्पष्ट करार लागतो.

चार रकमांची छाननी

आता उदाहरणातील चारही रकमा एकेक करून तपासता येतील.

पहिली रक्कम विम्याची. विमा देण्याचा अधिकार विमा नियामक व विकास प्राधिकरणाकडे नोंदणी झालेल्या विमा कंपनीलाच असतो. वाहतूकदाराने विम्याच्या नावाखाली पैसे घेतले असतील, तर विमा कंपनीचे नाव, विमापत्राचा क्रमांक आणि विमित रक्कम दाखवणारा कागद त्याने दिला पाहिजे. तो नसेल तर घेतलेली रक्कम विमा नव्हे. काही वाहतूकदार जादा जोखीम स्वीकारण्याचा आकार घेतात. तो वेगळा व्यवहार आहे आणि त्याचीही लेखी नोंद असावी लागते.

दुसरी रक्कम ‘राज्य प्रवेश करा’ची. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत नोंद ५२ ही स्थानिक क्षेत्रात माल आणण्यावरील कराची होती. १०१ व्या घटनादुरुस्तीने, २०१६ मध्ये, ती वगळण्यात आली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात व प्रवेश कर इतिहासजमा झाले. शिवाय वापरलेले वैयक्तिक व घरगुती सामान ई-वे बिलाच्या सक्तीतूनही वगळलेले आहे. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडल्याचा कर म्हणून घरसामानावर मागितलेली रक्कम मुळातच निराधार ठरते. पथकर खरा असतो. पण तो गाडीवर असतो, आणि वेगळा ठरला नसेल तर भाड्यातच धरला जातो. वाहतूक सेवेवरील वस्तू व सेवा कर हाही खरा असतो; मात्र तो दरात धरला आहे की वेगळा आहे हे आधी ठरावे लागते आणि त्यासाठी वाहतूकदाराचा नोंदणी क्रमांक असलेले करबीजक मिळावे लागते.

तिसरी रक्कम जिन्याच्या हमालीची. नव्या इमारतीत उद्‌वाहन चालू नाही हे कुटुंबाने सांगितले नव्हते आणि हमालांनी प्रत्यक्षात तीन मजले सामान चढवले, असे धरले तर ही रक्कम वाजवी म्हणावी लागेल. चौथी रक्कम लहान टेम्पोची. पत्ता आधी दिलेला होता. त्या वसाहतीत मोठी गाडी शिरते की नाही हे पाहणे व्यवसाय करणाऱ्याचे काम होते. करारात त्याबाबत शर्त नसेल तर तो बोजा ग्राहकावर टाकता येत नाही.

अशी छाननी केल्यावर वादाचा आकार बदलतो. ठरलेल्या दरातील बाकी २२,००० रुपये आणि हमालीचे ३,००० रुपये, असे २५,००० रुपये निर्विवाद देणे आहे. विवाद्य रक्कम उरते ती १६,००० रुपयांची. ‘सारेच लुबाडणे आहे’ असे म्हणणाऱ्या तक्रारदारापेक्षा, ‘एवढे देणे मान्य आहे, एवढे नाही आणि का नाही’ असे लिहून देणाऱ्या तक्रारदाराची बाजू कोणत्याही मंचापुढे अधिक भक्कम ठरते.

रस्ते मालवाहतुकीचा कायदा

या क्षेत्राचा मूळ कायदा म्हणजे १८६५ चा वाहक अधिनियम. त्याची जागा रस्त्यावरून मालवाहतूक अधिनियम, २००७ याने घेतली. हा अधिनियम १ मार्च २०११ पासून अंमलात आला आणि त्याखालील नियमही त्याच वर्षी आले. ‘सामान्य वाहक’ या संज्ञेत माल नोंदणी करणारी कंपनी, कंत्राटदार, अभिकर्ता आणि दलाल यांचाही समावेश आहे. घरसामानाच्या धंद्यात नाव एकाचे, गाडी दुसऱ्याची आणि हमाल तिसऱ्याचे असा प्रकार नेहमी आढळतो. ‘गाडी आमची नव्हती’ एवढे म्हणून नोंदणी घेणारा मोकळा होऊ शकत नाही, हा या व्याख्येचा फायदा आहे. सामान्य वाहकाने राज्य किंवा प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

या कायद्याने दोन कागद महत्त्वाचे ठरवले आहेत. माल सोपवणाऱ्याने द्यावयाचे मालप्रेषण पत्र आणि वाहकाने द्यावयाची मालपावती. व्यवहारात या पावतीला ‘बिल्टी’ म्हणतात. मालप्रेषण पत्रात सामानाचे वर्णन व मूल्य लिहावयाचे असते. घाईत हे मूल्य कमी लिहिले जाते किंवा कोरे सोडले जाते, आणि त्याचे परिणाम नंतर भोगावे लागतात. कारण जादा जोखमीचा दर ठरलेला नसेल तर नुकसानीबाबत वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित असते आणि ती जाहीर केलेल्या मूल्याहून अधिक होत नाही. उदाहरणातील ३२,००० रुपये भाडे धरले तर ही मर्यादा ३,२०,००० रुपये होते. पण सामानाचे मूल्य ५०,००० रुपये लिहिलेले असेल तर भरपाई त्यापुढे जाणार नाही.

सामान हरवले किंवा मोडले तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते, ही कलम १२ मधील तरतूद ग्राहकाच्या बाजूची आहे. जुन्या १८६५ च्या कायद्यातही ती होती. ‘पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा’ या प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहक मंचापुढील तक्रारीतही हे तत्त्व लागू होते, असा निर्णय दिला. मात्र कलम १६ ची अट विसरता कामा नये. सामानाच्या हानी-नुकसानीबद्दल कोणतीही कारवाई करण्यापूर्वी, नोंदणीच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी सूचना देणे आवश्यक आहे. ही अट हानी-नुकसानीपुरती आहे. फक्त जादा आकारणीचा वाद असेल तर या कलमाचे बंधन नाही. तरीही पैसे व मोडतोड हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्रच येत असल्याने एकाच पत्रात दोहोंचा उल्लेख करणे शहाणपणाचे ठरते.

ग्राहक संरक्षणाची चौकट

महाराष्ट्राच्या दृष्टीने ग्राहक चळवळीचा इतिहास अभिमानाचा आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संसदेने केलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियमाला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. लखनौचे नावही या कायद्याच्या इतिहासात कोरले गेले आहे. ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ या १९९३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ‘सेवा’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला आणि ग्राहकाला झालेल्या मनस्तापाचीही भरपाई देता येते, हे प्रस्थापित केले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील पाच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट ‘तक्रारी’च्या व्याख्येची. पक्षांमध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त किंमत आकारणे हे व्याख्येनुसारच तक्रारीचे कारण आहे. त्यामुळे सेवेत उणीव होती की नव्हती या चर्चेत न शिरताही जादा आकारणीची तक्रार करता येते. बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. चिंचवडला नोंदवलेल्या सामानाबद्दल चिनहटचा रहिवासी लखनौच्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असले, तरी कायद्याने दिलेला हा मार्ग आपोआप बंद होत नाही.

तिसरी गोष्ट रकमेची. आयोगाची पायरी आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटी रुपयांपर्यंत राज्य आयोग आणि त्यावर राष्ट्रीय आयोग. घरसामानाच्या वाहतुकीचा वाद म्हणूनच जवळजवळ नेहमी जिल्हा आयोगाकडे जातो. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही.

चौथी गोष्ट मुदतीची. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. १८० दिवसांची सूचना आणि दोन वर्षांची तक्रार ही दोन निराळी घड्याळे आहेत. परीक्षेत आणि व्यवहारात, दोन्हीकडे त्यांची गल्लत होते.

पाचवी गोष्ट निर्णयाच्या अंमलबजावणीची. मालाच्या तपासणीची गरज नसेल तर विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो. दोन्ही पक्षांची तयारी असल्यास कलम ३७ अन्वये मध्यस्थीचा मार्ग आहे. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास कलम ७२ अन्वये एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

वादाच्या पायऱ्या

कायद्याची माहिती योग्य क्रमाने वापरली तरच फळ देते. पहिली पायरी दर ठरवतानाची आहे. सामानाची यादी, दोन्ही घरांचे मजले व उद्‌वाहनाची स्थिती, गाडीचा आकार, कर धरला आहे की नाही, विम्याचा तपशील, पोहोचण्याचा दिनांक आणि कोणत्या प्रसंगी जादा आकार लागेल, हे सारे एका कागदावर असावे. एखाद्या व्यावसायिकाचा दर इतरांच्या निम्म्यावर असेल तर तो स्वस्त आहे असे न मानता, उरलेली रक्कम तो कोठे वसूल करणार आहे, असा प्रश्न विचारावा. इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यता असल्याचा दावा त्या संस्थेच्या यादीवरून पडताळून पाहावा.

दुसरी पायरी सामान चढवताना. प्रत्येक डब्याला क्रमांक, नगांची मोजणी, छायाचित्रे, गाडीचा क्रमांक, चालकाचा दूरध्वनी आणि मालपावती. दागिने, रोख रक्कम, प्रमाणपत्रे व औषधे गाडीत देऊ नयेत. मौल्यवान आणि अत्यावश्यक वस्तू स्वतःजवळ असल्या की अडवणुकीची धार निम्मी बोथट होते.

तिसरी पायरी सामान अडल्यावर. आधी जादा रकमेचा लेखी तपशील मागावा. मान्य रक्कम बँकेमार्फत देण्याची तयारी लेखी कळवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. धमकी, मारहाणीची भीती किंवा सामान गायब होण्याची शक्यता असेल तर ११२ वर पोलिसांची मदत घ्यावी. विवाद केवळ दराचा असेल तेव्हा तो दिवाणी स्वरूपाचा आहे असे पोलिसांकडून सांगितले जाते, आणि त्यात तथ्य असते. मात्र विश्वासाने सोपवलेल्या मालाचा वाहकाने अपहार केला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (३) अन्वये तो सात वर्षांपर्यंत कारावासास पात्र गुन्हा ठरतो. कोणता प्रसंग कोणत्या बाजूचा, हे ओळखूनच पोलिसांकडे जावे.

चौथी पायरी सामान उतरताना. मोडतोड आढळल्यास पोहोचपावतीवर तसा शेरा लिहूनच सही करावी. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या छापील वाक्याखाली केलेली कोरी सही नंतर फार महाग पडते. पाचवी पायरी लेखी सूचनेची आणि सहावी तक्रारीची. ग्राहक आयोगाकडे घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय सप्टेंबर २०२० मध्ये ई-दाखिल या संकेतस्थळाने सुरू झाली, आणि जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही एकत्रित व्यवस्था आली आहे. उदाहरणातील कुटुंबाला १६,००० रुपयांसाठी चिंचवडच्या खेपा घालाव्या लागत नाहीत, हे या सुधारणेचे खरे मोल आहे.

धोरणातील उणीव

कायदे इतके असूनही दारात उभ्या असलेल्या गाडीपुढे ग्राहक हतबल का होतो? याचे कारण असे की, उपलब्ध उपाय सामान सोडवल्यानंतरचे आहेत. सामान सोडवण्याच्या घटकेचा नियम आपल्याकडे नाही. या बाबतीत अमेरिकेची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथे आंतरराज्यीय घरसामान वाहतुकीसाठी स्वतंत्र संघीय नियम आहेत. वाहतूकदाराने बंधनकारक किंवा अबंधनकारक असा लेखी अंदाज द्यावा लागतो. अबंधनकारक अंदाज असेल तर अंदाजाच्या ११० टक्के रक्कम मिळताच सामान सोडणे त्याला भाग असते. उरलेली मागणी नंतर करावयाची असते. २००५ च्या कायद्याने सामान ओलीस ठेवणाऱ्यावर प्रतिदिन किमान दहा हजार डॉलरच्या दिवाणी दंडाची तरतूद केली. तेथेही फसवणूक संपलेली नाही. परंतु वाद आधी की सामान आधी, या प्रश्नाचे उत्तर नियमाने देऊन ठेवले आहे.

भारतात २००७ च्या अधिनियमाची रचना मुख्यतः व्यापारी माल डोळ्यांसमोर ठेवून झाली. घरसामानासाठी दराच्या अंदाजाचा प्रमाणित नमुना, नोंदणीकृत वाहकांची सर्वांना सहज पाहता येईल अशी यादी, आणि निर्विवाद रक्कम मिळताच सामान सोडण्याचे बंधन, एवढ्या तीन तरतुदी नियमांद्वारे झाल्या तरी बरेच वाद उगवण्यापूर्वीच मिटतील. प्रामाणिक वाहतूकदारालाही त्याचा लाभच होईल, कारण फसवा कमी दर सांगून गिऱ्हाईक ओढणाऱ्याशी त्याला आज स्पर्धा करावी लागते. ग्राहकांच्या समूहहितासाठी जुलै २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण या कामी पुढाकार घेऊ शकते.

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या लहानशा वाटणाऱ्या विषयाकडे म्हणूनच गांभीर्याने पाहावे. १८७२ च्या कायद्यातील एक उदाहरण, २००७ च्या कायद्यातील १८० दिवस आणि २०१९ च्या कायद्यातील रहिवासाचे अधिकारक्षेत्र ही तीन सूत्रे वेगवेगळ्या पुस्तकांत वाचली जातात. चिनहटच्या एका घराच्या दारात ती एकत्र येतात. त्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला, सामान सोडवून घेतल्यानंतरही हक्क शिल्लक आहे, एवढे जरी ठाऊक असले तरी वाटाघाटीतील त्याचा आवाज बदलतो. देशात कोठेही जाऊन राहण्याचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने भोगता यावयाचे असेल, तर संसार एका गावाहून दुसऱ्या गावी ठरलेल्या दरात आणि निर्धोकपणे पोहोचण्याची हमीही त्या स्वातंत्र्याचाच भाग मानली गेली पाहिजे.